वहीचं पहिलं पान

प्रिय खडू,

काल सकाळी सात वाजता मी तुला फोन करून सांगितलं की आज पाळणाघर बंद ठेव, एकही पोर आत घेऊ नकोस. कारण विचारलंस तेव्हा म्हटलं, विजेच्या तारांची तपासणी आहे. ते खोटं होतं. तुलाही तसं वाटलंच असणार, कारण विजेच्या तारांशी माझा संबंध इस्त्री लावण्यापुरता. तरी तू ऐकलंस. दारात आलेल्या आयांना परत पाठवलंस, त्यातल्या दोघी तुझ्यावर डाफरल्या, आणि दुपारी तुझ्या बायकोनं मला निरोप पाठवला की ताई, बंद म्हणजे नक्की किती दिवस बंद. तो शब्द वाचला आणि मी फोन पालथा ठेवला. तिला अजून उत्तर दिलेलं नाही. का, ते पुढे येईल. आधी एवढं ऐक: उद्या दहा वाजेपर्यंत त्या जागेत तूही पाऊल टाकायचं नाहीस. खेळणी आणायला नाही, कपाटाची किल्ली विसरली म्हणून नाही. तुमच्या फरशीखालून पाणी वाहतंय असा मला दाट संशय आहे, आणि ते तुम्हाला आधी कळलं नाही याला कारण मी आहे.

रविवार आहे, सकाळचे साडेनऊ वाजलेत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. समोर बाबा मटार सोलताहेत. दाणे एका वाटीत, सालं दुसऱ्या वाटीत, मध्येच अदलाबदल होते, मग स्वतःशीच हसतात आणि पुन्हा वेगळं करतात. तू म्हणशील, दोन बस बदलल्या की माझं घर, पत्रं कसली लिहितेस. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि समोर आलास की मी तुझ्या तोंडाकडे बघत बसेन. पाच वर्षांचा असताना बाबांच्या पिशवीतला खडू खाऊन, ओठ पांढरेफटक करून, मी नाही खाल्ला असं सांगत उभा राहिला होतास. तेव्हापासून तुझ्या तोंडाकडे बघून मला धड रागावताही येत नाही आणि धड काही कबूलही करता येत नाही. त्या खडूनं बाबा रस्त्यातल्या लोखंडी झाकणांवर आकडे घालायचे. शहरातली निम्मी झाकणं याच्या पोटात गेली, असं आई म्हणायची.

माझं काम काय, हे तू लोकांना 'ताई नकाशे रंगवते' असं सांगतोस. मी कधी दुरुस्त केलं नाही, पण आज ते तुला नीट कळायला हवं. इथे पाच खाती आहेत आणि पाचांचे पाच नकाशे. भाषा सगळ्यांची एकच, पण शब्द प्रत्येकाचे आपापले. एक खातं रस्त्याची रुंदी पदपथ धरून मोजतं, दुसरं पदपथ सोडून. एकाची उंची समुद्रापासून, दुसऱ्याची समोरच्या रस्त्यापासून. हे सगळं एकावर एक ठेवून एकच नकाशा करायचा, म्हणजे घर बांधणाऱ्याला खालचा पाइप दिसेल आणि पाइप टाकणाऱ्याला खालची केबल. त्यासाठी आम्ही जुळवणीचा तक्ता करतो. डाव्या रकान्यात त्यांचा शब्द, उजव्या रकान्यात आमचा. संगणक तो तक्ता वाचतो आणि लाखभर नोंदी चुटकीसरशी बदलून टाकतो. त्याला शंका येत नाही. शंका घ्यायचं काम आमचं, आम्हाला पगार त्याचाच मिळतो.

पहिल्याच महिन्यात एक मजा झाली होती. रस्ते खात्याच्या भाषेत मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला केलेला छोटा पूल. आम्ही तसं तक्त्यात लिहिलं आणि तोच नियम इमारतींच्या नोंदींनाही लागला. तिथे मोरी म्हणजे भांडी घासायची जागा. नकाशावर एका चारमजली इमारतीत सोळा पूल उभे राहिले. आम्ही दोन दिवस हसत होतो, साहेबसुद्धा चहा पिताना मध्येच खुदकन हसायचे. तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं की चुका अशाच सापडतात, आपोआप, हसू येऊन. ज्या चुकीचं कुणाला हसू येत नाही ती मुकाट्यानं बसून राहते, हे मला परवा कळलं.

बंद हा शब्द बहुतेक सगळ्या खात्यांत होता. बंद दिवा म्हणजे जळत नाही तो. बंद रस्ता म्हणजे ज्यावरून जाता येत नाही तो. पाणी खात्यातली बंद विहीर म्हणजे जिचं पाणी कुणी काढत नाही ती. आणि नाले खात्याच्या जुन्या नोंदींत, म्हणजे बाबा मोजणीदार होते त्या काळच्या नोंदींत, सदतीस ठिकाणी लिहिलेलं होतं, 'नाला, बंद'. मी उजव्या रकान्यात लिहिलं, 'वापरात नाही'. आता जे वापरात नाही ते बांधकाम परवानगीच्या नकाशावर दाखवायचं नाही, असा आमचा नियम आहे, नाहीतर कधीकाळच्या मोडक्या पाइपांनी नकाशा भरून जाईल. त्यामुळे सदतीस नाले गेले. कुणी हसलं नाही, कुणी विचारलं नाही. उलट नकाशा आधीपेक्षा स्वच्छ दिसायला लागला आणि साहेबांनी बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक केलं. ते मी तुला फोन करून सांगितलं होतं. तू म्हणालास, पेढे कुठायत.

त्यानंतर चार महिन्यांनी तू विचारलंस. बायकोला पाळणाघरासाठी जागा मिळते आहे, तळमजला, मागे थोडं अंगण, मालक बरा वाटतो, तेवढं तुझ्या नकाशात बघ ना ताई, खाली काही भानगड नाही ना. मी जेवायच्या सुट्टीत बघितलं. डबा उघडा होता, एका हातानं घास आणि एका हातानं नकाशा. जमीन कोरी होती. मी तुला तिथूनच कळवलं, खाली काही नाही, खुशाल घे. या दोन दिवसांत हे दोन शब्द मला किती वेळा ऐकू आलेत ते सांगता येणार नाही. खुशाल घे. तुझ्या बायकोनं तिची बऱ्यापैकी नोकरी सोडली ती त्या शब्दांवर. बावीस पोरं त्या फरशीवर वर्षभर रांगली, झोपली, सांडली, ती त्या शब्दांवर. एका पायात बूट घालून फिरणारी ती ठमी आणि कुणाला नाक पुसू न देणारा तो तिचा दोस्त, दोघं मला सारखी डोळ्यांपुढे दिसताहेत. तुझी बायको मागे एकदा म्हणाली होती की गाणं लागलं की सगळी बरोबर बेसिनजवळच उड्या मारतात, कारण तिथे फरशी ढोलासारखी वाजते. मी म्हटलं होतं, नवी फरशी आहे, बसेल हळूहळू. आणि हसले होते.

गुरुवारी तू त्या भेगेचा फोटो पाठवलास. बेसिनपासून दारापर्यंत सरळ गेलेली, पेन्सिलीच्या रेघेएवढी. तू गवंड्याचा नंबर मागत होतास, बाकी काही नाही. पण भेग एवढी सरळ का, हे माझ्या डोक्यातून जाईना. भिंत बसली तर भेग वेडीवाकडी जाते. ही कशाच्या तरी काठाकाठानं गेल्यासारखी होती. शुक्रवारी येताना मी तुमच्या गल्लीचे दोन कागद घरी आणले, आमच्या नव्या नकाशाचा आणि नाले खात्याच्या जुन्या मोजणीचा. कुणाला बोलले नाही, मनाची समजूत काढायला म्हणून आणले. संध्याकाळी याच टेबलावर पसरले. बाबा आले, जुना कागद बघितला, आणि त्यांचा चेहराच बदलला, कारण अक्षर त्यांचं होतं. हात फिरवला त्यावरून. मग बोट ठेवलं ते नेमकं तुमच्या इमारतीखालून जाणाऱ्या रेघेवर, आणि म्हणाले, चालू.

मी म्हटलं, नाही बाबा, बंद आहे तो, तुम्हीच लिहिलंय. ते म्हणाले, बंद. मग म्हणाले, चालू. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तुला माहीत आहे, चष्म्याला किल्ली म्हणणं आणि पाणी हवं असलं की दिवा मागणं हे आता रोजचं आहे. मला वाटलं, तसंच काहीतरी, आणि सवयीप्रमाणे मी त्यांच्यासाठी शब्द शोधायला लागले. बुजवलेला? मोडलेला? जुना? ते चिडले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना चिडलेलं बघितलं. उठले, सिंकपाशी गेले, नळ सोडला. पाणी जाळीकडे वाहायला लागलं तशी त्यावर परात पालथी घातली. पाणी दिसेनासं झालं. म्हणाले, बंद. मग माझा हात धरून परातीवर टेकवला. खालून पाणी जात होतं आणि परात हलके हलके थरथरत होती. म्हणाले, चालू. नळ किती वेळ वाहत होता कोण जाणे, शेवटी त्यांनीच बंद केला.

त्यांच्या खात्यात बंद म्हणजे वरून झाकलेला. उघडा नाला आणि बंद नाला. साधी गोष्ट आहे रे. आपण त्या झाकणांवरून उड्या मारत शाळेत गेलो. तुला कुणी विचारलं असतं तरी तू सांगितलं असतंस.

काल तुला फोन केला आणि तशीच कार्यालयात गेले. साहेबांना घरून बोलावून घेतलं, नाले खात्यातल्या इंजिनिअर बाईही आल्या. सदतीस नोंदी एकेक करून तपासल्या. तेहतीस नाले रस्त्यांखाली नाहीतर बागांखाली आहेत, त्यांच्यावर काही बांधलेलं नाही. चार ठिकाणी आमच्या नकाशावर विसंबून परवानगी दिली गेली. त्यातल्या तीन ठिकाणी अजून कुदळसुद्धा पडलेली नाही, त्यांना बाराच्या आत थांबवलं. चौथी जागा तुमची, मालकानं तुमच्यासाठी तळमजला मागे वाढवून नवी फरशी घातली ती याच परवानगीवर. उद्या दहाला इंजिनिअर बाई माणसं घेऊन येतील, दोन गल्ल्या पलीकडच्या झाकणातून कॅमेरा आत सोडतील, आणि गरज पडली तर बेसिनजवळची फरशी फोडतील. जागा रिकामी करण्याची नोटीस त्यांच्याच हाती असेल. तिच्याखाली सही माझी आहे. ती तुझ्या हातात पडण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं असं वाटलं, म्हणून चारच्या बसनं बाबांना घेऊन येते आणि पत्र तुझ्या घराच्या पेटीत टाकून जाते. वर येणार नाही. बाबांना चढवत नाही, आणि मलाही.

आता साहेबांचं सांगते. माणूस वाईट नाही. अहवालात एक रकाना असतो, चूक कुठून आली त्याचा. त्यांनी तो रकाना माझ्यापुढे सरकवला आणि हळू आवाजात म्हणाले, 'मूळ नोंद संदिग्ध' असं लिहा ना. म्हणजे जुन्या मोजणीदारानं नीट लिहिलं नव्हतं. जुना मोजणीदार कोण, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, बाबा निवृत्त झालेले, त्यांना कुणी काही विचारणार नाही, त्यांच्या पेन्शनला धक्का नाही, आणि तुमची नोकरी वाचते. ते काही सांगायला थोडेच येणार आहेत? हे शेवटचं वाक्य त्यांनी दयेनंच म्हटलं. मी त्यांच्या तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, सोमवारी सांगते. तो कागद माझ्या पर्समध्ये आहे. कालपासून तीनदा काढून बघितला आणि तीनदा परत ठेवला. चौकशी लागली तर मला घरी बसवतील हे नक्की. मग बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाई, औषधं, हे घर, हे सगळं कसं चालवायचं, याचा विचार करायला लागले की डोकं बधिर होतं. घरात कुठेही नळ सुरू झाला की मी दचकते. बाबा माझ्याकडे बघतात आणि नळ बंद करतात.

आता ज्यासाठी हा सगळा घाट घातला ते सांगते. नोंद संदिग्ध नव्हती. बाबांच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर 'या वहीतले शब्द' अशी यादी असायची, प्रत्येक शब्द आणि पुढे त्याचा अर्थ. त्या पानावरच्या रेघा लहानपणी मीच आखून द्यायचे, पट्टी धरून, एका रेघेला एक गोळी. संगणकात नोंदी भरणाऱ्यांनी वही दुसऱ्या पानापासून घेतली, कारण पहिल्यावर आकडे नव्हते, आणि कार्यालयातली प्रत मग रद्दीत गेली. पण मला ते पान माहीत होतं, खडू. तक्ता करताना बंद या शब्दावर माझं बोट थांबलं होतं. चांगलं दहा मिनिटं थांबलं होतं. आणि ज्या माणसानं तो शब्द लिहिला तो माझ्याच घरात, पलीकडच्या खोलीत बसलेला होता. मी विचारलं नाही. बाबा दवाखान्यातून येऊन तीन आठवडे झाले होते, साधं 'चहा' म्हणायला त्यांना घाम फुटायचा, आणि ते शब्द शोधताना बघणं मला सोसत नव्हतं. तू तेव्हा भांडला होतास माझ्याशी, की तू त्यांच्या तोंडातले शब्द काढून घेतेस, त्यांना शोधू दे, त्यांना विचारत जा. मी म्हटलं होतं, तू येऊन राहा आणि मग शिकव. तू बरोबर होतास. त्यांना त्रास नको हे मी स्वतःला सांगितलेलं कारण, त्रास मला नको होता. आता तुझं काम. तुमच्या भागाची बाबांची स्वतःची वही तुझ्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे, तुझ्या बॅटखाली. नाला किती खोल आणि किती रुंद, ते त्यात असणार, आणि फरशीला हात लावण्याआधी इंजिनिअर बाईंना ते हवं आहे. ती शोध आणि दहाला घेऊन ये. पहिल्या पानासकट. मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटतंय की ती तुला सापडू नये, किंवा पहिलं पान उंदरांनी खाल्लेलं असावं. असं वाटतंय म्हणूनच हे कागदावर लिहून तुझ्या हाती देते आहे. उद्या साहेबांसमोर मी कच खाल्ली आणि बाबांच्या नावावर ढकलून सही करायला लागले, तर माझ्याशी वाद घालत बसू नकोस, हे पत्र त्यांच्या टेबलावर ठेव. बाबांना काही बोलावं लागणार नाही. आणि तुझ्या बायकोला सांग, बंद म्हणजे किती दिवस ते ताईला अजून माहीत नाही, पण कोणाच्या चुकीनं, ते तिनं लिहून दिलंय.

तुझीच,
ताई